सहा सिलिंडर काढून व्ही-८, तीन गिअर काढून चार गिअर: कशाला काय बसतं?

बॉनेट_उघडा

गाडी १९७७ ची शेवरले सी-१० पिकअप, फक्त मागची चाकं ओढणारी. आत्ता तिच्यात २५० क्यूबिक इंचाचं सरळ सहा सिलिंडर इंजिन आहे आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेला तीन स्पीडचा बॉक्स आहे. जमवलेलं सामान असं:

– ३५० व्ही-८, १९८९ च्या पिकअपमधलं, टीबीआय (थ्रॉटल बॉडीतच इंधन फवारणारं) इंजेक्शन आणि वायरिंगसकट. मागे ऑटोमॅटिक होता.
– एसएम४६५, म्हणजे चार गिअरचा जड ट्रकबॉक्स, १९८० च्या ट्रकमधला. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच) सोबत आहे.
– सहा सिलिंडरवरचं फ्लायव्हील, क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट. तिन्ही बरी आहेत.

बेल हाउसिंग दोन्ही इंजिनांवर लावून पाहिलं, सगळी भोकं जुळतात. मग जुनं फ्लायव्हीलच व्ही-८ ला लावून टाकलं तर? क्लचची दांडी-लिंकेज जुनीच ठेवायची आहे. इंजेक्शन ठेवावं की कार्ब्युरेटर बसवावा, यावरही मत हवं. सगळं अजून जमिनीवर आहे, त्यामुळे जे मोजायला सांगाल ते मोजता येईल.

---

फीलर_गेज

बेलची भोकं जुळणारच. शेवरलेच्या १९५५ पासूनच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ ची आणि १९६२ नंतरच्या या सरळ सहा सिलिंडर घराण्याची मागची बाजू एकच आहे. फसायला होतं ते त्यामुळेच. बेल बसली म्हणून आतलं सगळं बसेल असं नाही.

जुनं फ्लायव्हील चालणार नाही. १९८५ पर्यंतच्या स्मॉल ब्लॉकमध्ये क्रँकच्या मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं होतं, १९८६ पासून ते एकसंध आलं. त्याबरोबर दोन गोष्टी बदलल्या.

एक, क्रँकच्या फ्लँजवरच्या बोल्टांचं वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आलं. तुमच्या सहा सिलिंडरचं फ्लायव्हील ३.५८ वालं आहे, ते या क्रँकवर चढणारच नाही. नशीब समजा, कारण दुसरा फरक डोळ्यांना दिसत नाही. जुन्या क्रँकच्या मागच्या फ्लँजलाच एका बाजूला थोडं वजन होतं आणि त्याने क्रँकचा तोल राखला जायचा. एकसंध सील बसवायचं तर फ्लँज पूर्ण गोल हवा, म्हणून ते वजन तिथून काढून फ्लायव्हीलवर दिलं. म्हणजे १९८६ नंतरच्या ३५० ला एका बाजूला वजन असलेलंच फ्लायव्हील लागतं. भोकं वाढवून किंवा अडॅप्टर करून जुनं समतोल फ्लायव्हील चढवलं तर इंजिन थरथरेल, आणि ती थरथर माउंटिंगचं रबर बदलून जात नाही. मेन बेअरिंग त्यात जातात.

तेव्हा मागताना असं मागा: एकसंध सीलच्या ३५० चं, मॅन्युअलचं, १४ इंची, १६८ दातांचं फ्लायव्हील. त्यावर ११ इंची क्लच बसतो. ट्रकच्या बेलमध्ये १४ इंची फ्लायव्हील आरामात फिरतं, कारच्या काही लहान बेलमध्ये मात्र रिंग गिअर घासतो. १५३ दातांचं १२.७५ इंची फ्लायव्हीलही मिळतं, पण एसएम४६५ मागे लावून ओझं ओढायचं असेल तर लहान क्लच कशाला?

सेल्फही दातांप्रमाणे बदलतो. १५३ दातांच्या सेल्फचे दोन बोल्ट एका सरळ रेषेत असतात, १६८ चे तिरके. ऑटोमॅटिकच्या फ्लेक्सप्लेटचे (फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या पातळ चकतीचे) दात मोजा. १६८ भरले तर तिचाच सेल्फ चालेल, फक्त त्याचं नाक बेलला टेकत नाही ना ते पाहा.

फ्लेक्सप्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलला वापरू नका, ते आखूड असतात. चार आटे पकडतात आणि घट्ट झाल्यासारखे वाटतात, त्यावर जाऊ नका. प्रेशर प्लेटलाही खांद्याचे बोल्टच लावा. प्लेट मध्यभागी धरण्याचं काम तो खांदा करतो, साध्या बोल्टला ते जमत नाही. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत शेवटी ३५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ४७ न्यूटन-मीटर.

---

काळं_ग्रीस

फ्लायव्हीलचं वर आलंच आहे. त्याच्या मागचं मी सांगतो.

पायलट बुश (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारा): इंजिन ऑटोमॅटिकचं असल्याने क्रँकच्या मागच्या भोकात बुश नसेल. भोक नीट बोअर केलेलं आहे की कच्चंच सोडलंय ते आधी पाहा, आणि खोलीही मोजा. शेवरलेचा नेहमीचा बुश बाहेरून १.०९४ इंच आणि आतून ०.५९० इंच असतो. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय बुश ठोकू नका. शाफ्ट पूर्ण आत गेल्यावर टोक क्रँकच्या तळाला टेकता कामा नये. प्लॅस्टिसिनचा गोळा भोकात ठेवून एकदा बॉक्स लावून काढा, किती जागा उरते ते कळेल. बुश छिद्रयुक्त ब्राँझचा असेल तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. त्याला ग्रीस लावू नका, ग्रीसने छिद्रं बुजतात आणि बुश कोरडा पडतो.

बेलचं मधलं भोक: एसएम४६५ च्या पुढच्या बेअरिंग कव्हरची कॉलर ५.१२५ इंचांची आहे. कारच्या बेलचं भोक बहुतेक ४.६८६ इंचांचं असतं. तुमची बेल त्याच ट्रकची आहे म्हणताय, तर जुळेल. तरी कॅलिपर लावाच. कॉलर आणि भोक सैल असेल तर चार बोल्ट बॉक्स लटकवून ठेवतील, पण मध्यभागी धरणार नाहीत.

क्लचप्लेट: एसएम४६५ चा इनपुट शाफ्ट १० खाचांचा, सव्वा इंचाहून एक सूत कमी, म्हणजे १ १/८ इंच. नवी ११ इंची प्लेट त्याच खाचांची घ्या आणि बॉक्स उचलायच्या आधी हाताने शाफ्टवर सरकवून पाहा. अडखळली तर शाफ्टच्या खाचांवरचा गंज आणि बारीक कंगोरे साफ करा.

लिंकेज: इथे तुमचं अडणार आहे. १९७७ च्या पिकअपमध्ये पेडलची ताकद झेड-बार नावाच्या फिरत्या दांडीतून क्लचच्या काट्यापर्यंत, म्हणजे फोर्कपर्यंत, जाते. त्या बारचं एक टोक चासीवर असतं आणि दुसरं ब्लॉकच्या डाव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वरच्या अंगाला, एका गोल डोक्याच्या स्टडवर. नंतरच्या बऱ्याच ब्लॉकांवर तो उंचवटा ओतलेला असतो, पण भोक पाडलेलं नसतं. बघून सांगा.

काटा ज्याला ढकलतो ती रिलीज बेअरिंग दोन उंचींची मिळतात. प्रेशर प्लेटची बोटं सपाट असतील तर लांब बेअरिंग, बोटं बाहेर वाकलेली असतील तर आखूड. यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी चुकतो.

आणि बॉक्स चढवताना: हे सुमारे ८० किलोचं लोखंड आहे. दोन लांब १/२ इंची बोल्टांची डोकी कापून त्यांचे मार्गदर्शक स्टड करा आणि बेलच्या वरच्या दोन भोकांत लावा. बॉक्स त्यांच्यावरून सरकवत न्या. शेवटचा अर्धा इंच बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह आवरा. तेवढ्यात एकतर बॉक्सचा कान तुटतो, नाहीतर बुश पिचतो. आणि बॉक्स निम्मा आत असताना जॅक सोडून चहाला गेलात तर सगळं वजन क्लचप्लेटच्या हबवर येतं. प्लेट वाकते, आणि नंतर क्लच का सुटत नाही याचा शोध महिनाभर चालतो.

---

तिसरा_गिअर

वरचं सगळं बरोबर. पण मुळात एसएम४६५ च का? पहिला गिअर ६.५५, दुसरा ३.५८, तिसरा १.७०, चौथा सरळ. पहिला सिंक्रोमेशशिवाय, म्हणजे गिअरांचा वेग आपोआप जुळवून न घेणारा. रिकाम्या गाडीला तो लागतच नाही, म्हणजे हातात पुन्हा तीनच गिअर राहिले.

हायवेवरचं गणित करून पाहा. आरपीएम = ताशी किलोमीटर × ५३०५ × गिअर × डिफरन्शिअल ÷ टायरचा व्यास मिलिमीटरमध्ये. टायर २८ इंची, म्हणजे ७११ मिमी, आणि डिफरन्शिअल ३.७३ धरलं तर ताशी १०० ला सरळ गिअरमध्ये सुमारे २७८० आरपीएम येतात. तोच वेग ०.७३ च्या ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सरळहून उंच गिअरमध्ये, २०३० ला मिळतो. रोज दोन-तीन तास गाडी पळवायची असेल तर हा फरक कानालाही कळतो आणि टाकीलाही.

ओव्हरड्राइव्ह हवा तर एनव्ही४५०० हा खरा ट्रकबॉक्स. पाचवा ०.७३, पहिला बहुतेकांत ५.६१, सुरुवातीच्या जीएम बॉक्सांत ६.३४. मात्र तो एसएम४६५ हून जड आहे. एनव्ही३५०० हलका, त्याचाही पाचवा ०.७३. टी५ स्वस्तात मिळतो म्हणून कुणी सुचवेल, पण तो २६५ ते ३०० फूट-पाउंड टॉर्कचा बॉक्स आहे आणि तुमचं ३५० मुळातच ३०० च्या आसपास देतं. हलक्या कारमध्ये निभावतो. पिकअपमध्ये माल भरून चढावर तिसऱ्यात दाबलात की दात जातील.

---

काळं_ग्रीस

@तिसरा_गिअर, आरपीएमचं गणित मान्य. पण डिफरन्शिअल ३.०८ असेल तर एसएम४६५ च्या चौथ्यात ताशी १०० ला २३०० च पडतात. आधी डिफरन्शिअल कुठलं ते पाहायला हवं. मागची दोन्ही चाकं उचला, एका दिशेने दोन्ही चाकं बरोबर एक फेरा फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. तीनहून किंचित जास्त की पावणेचारच्या जवळ, खडूच्या खुणेने लगेच कळतं. बॉक्स हातात आहे, बेल सोबत आहे. त्यासाठी नवा बॉक्स शोधायच्या आधी हे पाच मिनिटांचं काम करा.

---

बॉनेट_उघडा

मोजलं. शाफ्टचे तीनहून थोडे जास्त फेरे, म्हणजे ३.०८ दिसतंय. एसएम४६५ च ठेवतो.

फ्लेक्सप्लेटला १६८ दात. क्रँकचं भोक व्यवस्थित बोअर केलेलं आहे, बुश ओढून बसतोय. बेलचं भोक ५.१२५ च. ब्लॉकवर झेड-बारचा उंचवटा आहे, भोक नाही.

बेल ब्लॉकवर आवळून मधल्या भोकात डायल गेज फिरवला. गेजचा काटा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १८ थाऊ (इंचाचे हजारांश) सरकतो. हे चालतं का?

---

फीलर_गेज

नाही चालत. संपूर्ण फेऱ्यात काटा ५ थाऊच्या आत राहायला हवा. १८ थाऊवर गाडी चालेल, पण इनपुट शाफ्ट दर फेऱ्याला बुशमध्ये वाकडा दाबला जाईल. बुश अंडाकृती होतो, बॉक्सचं पुढचं बेअरिंग आवाज करायला लागतं, गरम झाल्यावर गिअर अडतात. आणि मग दोष बॉक्सला दिला जातो.

आधी मोजणी परत करा. प्लग काढून ठेवा म्हणजे क्रँक सहज फिरेल. गेजचा मॅग्नेट फ्लायव्हीलवर किंवा क्रँकच्या फ्लँजवर घट्ट हवा. ब्लॉक आणि बेल यांच्या मधल्या तोंडावर रंग, गंज, जुनं गॅस्केट काही नको, बेलची जागा ठरवणाऱ्या डॉवेल पिनांच्या मुळाशी तर अजिबात नको. बेलचे सगळे बोल्ट पूर्ण आवळलेले असू द्या. दोन डॉवेलपैकी एक नसतानाही लोक मोजतात, त्या आकड्याला अर्थ नाही.

तरी १८ च आले तर आतलं केंद्र १८ च्या निम्मं, म्हणजे ९ थाऊ सरकलेलं आहे. स्मॉल ब्लॉकसाठी ७, १४ आणि २१ थाऊ सरकवलेल्या ऑफसेट डॉवेल पिना मिळतात. तुम्हाला ७ वाल्या लागतील. ९ मधले ७ गेले, उरले २, म्हणजे गेजवर ४ थाऊ दिसतील. दोन्ही पिना एकाच दिशेला वळवायच्या, एक इकडे आणि एक तिकडे वळली तर बेल चढणारच नाही. गेजची दांडी जिथे सर्वात जास्त आत दाबली जाते त्या बाजूचं अंतर कमी आहे, म्हणून बेल त्याच दिशेला ढकलायची. खडूने बाण काढून ठेवा, फार गोंधळ उडतो.

मधल्या भोकाची मोजणी झाली की बेलचं मागचं तोंडही तपासा, गिअरबॉक्स जिथे टेकतो ते. तिथे मोजताना क्रँक पुढेच ढकलून धरा, नाहीतर क्रँकची स्वतःची पुढेमागे हालचाल गेजवर दिसेल आणि बेल वाकडी आहे असं वाटेल.

झेड-बारचा उंचवटा ओतलेला आहे ना, मग भोक पाडून ३/८-१६ चे आटे पाडा. ड्रिल सरळ धरायला जुन्या ब्लॉकवरून पुठ्ठ्याचा साचा घ्या. खोली मोजत पाडा.

---

निळी_एफ१००

विषय शेवरलेचा आहे, पण असाच प्रश्न फोर्डबद्दल: १९७८ च्या ३०२ मागचा मॅन्युअल बॉक्स फ्लायव्हीलसकट १९८८ च्या ५.० लिटर इंजिनाला लावायचाय. भोकं जुळतात.

---

फीलर_गेज

@निळी_एफ१००, तीच गोष्ट, आकडे वेगळे. १९८१ पर्यंतच्या ३०२ चं फ्लायव्हील २८ औंस-इंच असमतोलाचं, १९८२ पासूनच्या ५.० चं ५० औंस-इंचांचं. बोल्टचं वर्तुळ मात्र एकच, त्यामुळे फ्लायव्हील मुकाट्याने चढतं आणि पहिल्यांदा इंजिन फिरवेपर्यंत काही कळत नाही. क्रँकच्या पुढच्या टोकावरचा डॅम्परही इंजिनासोबतचाच ठेवा. फ्लायव्हील ५० वालं आणि डॅम्पर २८ वाला, असा खिचडी जोड सर्वात वाईट.

दुसरं, फोर्डमध्ये इंजिन आणि बेल यांच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो. तो धूळ अडवण्यासाठी आहे असं समजून टाकून देऊ नका. सेल्फ किती खोल आणि कुठे बसणार हे त्या पत्र्यावर ठरतं. १५७ आणि १६४ दातांच्या फ्लायव्हीलचे पत्रे वेगळे. आणि कधी १९६५ च्या आधीचं इंजिन हाती आलं तर बेलचे बोल्ट मोजा. सुरुवातीच्या स्मॉल ब्लॉकला पाच, नंतरच्यांना सहा.

---

फ्यूज_उडाला

इंजेक्शनचं कुणीच बोललं नाही.

टीबीआय ठेवा. सोबत पूर्ण वायरिंग आहे म्हणताय, तर कार्ब्युरेटरवर जाण्याचं कारण उरत नाही. शिवाय १९८७ ते १९९५ च्या या हेडांवर मॅनिफोल्डचे प्रत्येक बाजूचे मधले दोन बोल्ट वेगळ्या कोनात आहेत. जुना कार्ब्युरेटरचा मॅनिफोल्ड तसाच लावला तर ते चार बोल्ट तिरके जातात, आटे खातात किंवा व्हॅक्यूम गळतो. कार्ब्युरेटरच बसवायचा ठरवलंत तर त्या कोनाचाच मॅनिफोल्ड शोधा.

टीबीआयला इंधनाचा दाब ९ ते १३ पीएसआय लागतो. जुना यांत्रिक पंप तेवढा देत नाही. टाकीत किंवा टाकीजवळ विजेचा पंप, परतीची नळी, पंपाचा रिले आणि ऑइल प्रेशर स्विच, हे चारही हवेत. परतीची नळी सोडून टी-जोड करणाऱ्यांना दाब कधीच स्थिर मिळत नाही.

संगणक ऑटोमॅटिकचा आहे. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पार्क-न्यूट्रलची वायर: मॅन्युअल ट्रकमध्ये ती अर्थला जोडलेली असते. आणि गाडीचा वेग: याच काळातल्या ७४७ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकाला मैलाला २००० पल्स हव्यात. तुमच्या बॉक्सला स्पीडोमीटरची केबल आहे, तर केबलच्या मध्ये बसणारा पल्स सेन्सर लावा. तो नसेल तर संगणक कोड २४ (वेगाचा सिग्नल नाही) दाखवतो, आणि खरा त्रास म्हणजे सिग्नलला गाडी थांबत असताना इंजिन बंद पडतं. क्लच दाबला, इंजिन आयडलवर आलं, पण गाडी चालते आहे की उभी हे संगणकाला कळलं नाही, त्यामुळे हवेची झडप वेळेवर उघडत नाही.

टायमिंग लावताना काळी-बदामी बायपास वायर सोडा, शून्यावर लावा, वायर परत जोडा. ती न सोडता लावलेलं टायमिंग म्हणजे संगणकाने पुढे केलेल्या आकड्यावरचं टायमिंग.

आता पाण्याचा पंप. १९८९ च्या इंजिनावर एकच रुंद, अनेक खाचांचा पट्टा असेल तर पंप उलटा फिरणारा आहे, पंखाही उलटा. त्यावर जुन्या सहा सिलिंडरचे व्ही-पट्टे बसवायचे ठरवलं तर पंप आणि पंखा दोन्ही सरळ फिरणारे हवेत. नाहीतर पाणी थोडंफार फिरतं, म्हणून लोक थर्मोस्टॅट, रेडिएटर, कॅप सगळं बदलत बसतात आणि गाडी गरमच होत राहते. पुढची पूर्ण सामग्री १९८९ चीच ठेवणं सर्वात सोपं.

शेवटचं: इंजिनापासून बॉडी आणि चासीपर्यंत जाड अर्थची पट्टी. विसरलात तर सेल्फचा करंट थ्रॉटल केबलमधून परत जातो. केबल तापते, कवच वितळतं, थ्रॉटल अडकतो. यावर हसणारे पुष्कळ भेटतील, केबल जळेपर्यंत.

---

तिसरा_गिअर

दोन लहान गोष्टी. इंजिनाचे स्टँड सहा सिलिंडरचे चालणार नाहीत. १९७३ ते १९८७ च्या पिकअपचे व्ही-८ चे स्टँड घ्या. डाव्या बाजूचा एक्झॉस्ट झेड-बारला लागत नाही ना ते इंजिन लटकत असतानाच पाहा, नंतर हात जात नाही.

स्पीडोमीटर: लहान गिअरचे दात = बॉक्समधल्या ड्राइव्ह गिअरचे दात × डिफरन्शिअल × टायरचे मैलाला होणारे फेरे ÷ १०००. २८ इंची टायर मैलाला सुमारे ७२० फेरे करतो. ड्राइव्ह गिअर ८ दातांचा आणि ३.०८ असेल तर उत्तर १७.७, म्हणजे १८ दात.

---

बॉनेट_उघडा

ऑफसेट पिना लावून गेजवर ४ थाऊ आले. इंजिन-बॉक्स आत गेले, पायलट बुश नवा, क्लच नवा. गाडी अजून जॅकवर आहे. अडचण अशी: इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबला, तरी रिव्हर्स खर्रकन वाजतो. पेडलला वर एक इंचाचा मोकळा खेळ आहे.

आणि सेल्फ: इंजिन सुरू झाल्यावर चावी सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो.

---

काळं_ग्रीस

सेल्फचं आधी, ते सोपं आहे. इंजिन सुरू झाल्यावर, चावी सोडताना शिट्टी येत असेल तर सेल्फचा लहान गिअर, म्हणजे पिनियन, रिंग गिअरच्या फार जवळ आहे. सेल्फ आणि ब्लॉक यांच्या मध्ये दोन्ही बोल्टांपाशी एकेक १५ थाऊची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घाला. इंजिन सुरू होण्याआधी, फिरत असतानाच शिट्टी असती तर उलटं, अंतर जास्त असतं. पिनियन हाताने पुढे ओढून दातांमध्ये जाड पेपरक्लिपची तार जेमतेम जाते का पाहा.

रिव्हर्सला सिंक्रो नाही. क्लच दाबून दहा सेकंद थांबा, मग टाका. एसएम४६५ मधले जड गिअर लगेच थांबत नाहीत. दहा सेकंदांनंतरही वाजला तर क्लच पूर्ण सुटत नाही.

मग बेलचं खालचं झाकण काढा, कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि क्लचप्लेट-फ्लायव्हीलमधली फट फीलर गेजने तीन ठिकाणी मोजा. ४० ते ६० थाऊ हवी. आकडा सांगा. आणि पेडल सोडलेलं असताना बेलच्या खिडकीत काटा कुठे झुकलेला आहे तेही, इंजिनाकडे की बॉक्सकडे.

---

बॉनेट_उघडा

दहा सेकंद थांबूनही वाजतो. फट तिन्ही ठिकाणी २२ ते २४ थाऊ. काटा बॉक्सकडे झुकलेला आहे, पेडल दाबलं की खिडकीच्या मागच्या कडेला टेकतो.

---

काळं_ग्रीस

मग आखूड बेअरिंग लागलंय. तिन्ही ठिकाणी फट सारखी आहे, म्हणजे प्लेट वाकलेली नाही आणि बुशही अडत नाही, फक्त चाल कमी पडतेय. आखूड बेअरिंगला सपाट बोटांपर्यंत पोचायला आतून पुढे जावं लागतं, म्हणून काट्याचं बाहेरचं टोक मागे झुकतं. निम्मी चाल सुरुवातीलाच संपली, उरलेली खिडकीने अडवली. लिंकेजची रॉड लांब करून हे सुटणार नाही. त्याने फक्त मोकळा खेळ जाईल आणि बेअरिंग कायम बोटांवर घासत राहील.

बॉक्स मागे घेऊन प्रेशर प्लेटची बोटं पाहा. सपाट असतील तर लांब बेअरिंग. बसवताना बेअरिंगच्या आतल्या खाचेत आणि कॉलरवर ग्रीसचा पातळ थर, इनपुट शाफ्टच्या खाचांवर नुसता हात फिरवल्याइतका. जास्त लावलेलं ग्रीस क्लचप्लेटवर उडतं. काटा आता इंजिनाकडे झुकलेला दिसला पाहिजे आणि दाबल्यावर मधून जाऊन मागे यायला हवा.

---

बॉनेट_उघडा

बोटं सपाटच होती. लांब बेअरिंग घातलं, फट ५१ थाऊ, रिव्हर्स न वाजता पडतो. सेल्फची शिट्टी एका जोडी शिमने गेली. आता प्रॉपेलर शाफ्ट कापायला द्यायचा आहे. जॅकवर असतानाच माप घेऊ का?

---

फीलर_गेज

नाही. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर, मागचे पाटे दबलेले असताना माप घ्या. जॅकवर मागचा धुरा लोंबकळतो आणि माप चुकतं. बॉक्समधून बाहेर सरकणारा योक (शाफ्टचा जॉइंट धरणारा दुवा) असेल तर तो पूर्ण आत ढकलून पाऊण ते एक इंच बाहेर ओढा आणि तिथपासून मागच्या जॉइंटपर्यंत मोजा. तुमच्या बॉक्सला बोल्टने घट्ट बसणारा योक असेल तर सरकणारा सांधा शाफ्टमध्येच असावा लागतो. त्यासाठी तीन स्पीडचा जुना शाफ्ट कापून उपयोग नाही.

माप देण्याआधी कोन बघा. बॉक्सच्या मागच्या तोंडाचा आणि डिफरन्शिअलच्या पिनियनचा कोन एकमेकांना समांतर, फार तर एक अंशाचा फरक. प्रत्येक जॉइंटवर १ ते ३ अंश काम हवं. अगदी शून्य केलंत तर जॉइंटमधल्या सुया एकाच जागी बसून राहतात आणि खड्डा पाडतात. कोन जुळवायला क्रॉसमेंबरखाली पट्टी घालावी लागली तर ती शाफ्ट कापायच्या आधी घाला, कारण तिने मापही बदलतं.